अण्णाचं चालणं, माझं ऑपरेशन

विभागीय आयुक्तालय नांदेडला असावं की लातूरला, यावर मराठवाड्यात मोर्चे निघाले, बंद पाळले गेले, कोर्टकचेऱ्या झाल्या. आमच्या घरातही एक नांदेड-लातूर वाद गेली काही वर्षं चालू आहे. फरक एवढाच की त्याचा विषय माझं पोट हा आहे.

माझा थोरला भाऊ लातूरला असतो. त्याची उभी हयात विज्ञान शिकवण्यात गेली. आता निवृत्त आहे. पहाटे उठून चालतो, दिवसातून दोनदाच जेवतो आणि भेटेल त्याला तेच सांगतो. मी नांदेडला बँकेत आहे. २०१९ साली हैदराबादच्या एका रुग्णालयात माझं वजन घटवण्याचं ऑपरेशन झालं. उंची पाच फूट एक इंच आणि वजन ११२ किलो, म्हणजे बीएमआय ४६च्या पुढे. जोडीला इन्सुलिन, बीपीच्या गोळ्या, गेलेले गुडघे आणि रात्री झोपेत अडकणारा श्वास. अण्णाला ते ऑपरेशन कधीच पटलं नाही. तरी होऊन गेलेल्या गोष्टीवर किती बोलणार, म्हणून विषय मागे पडला होता.

यंदा तो पुन्हा निघाला, कारण अण्णाच्या मुलानं मला फोन करून डॉक्टरांचं नाव विचारलं. पोरगा तिशीतला, उंची पाच फूट सात इंच, वजन १०८ किलो, शुगर गोळ्यांना दाद देईना. दुसऱ्याच दिवशी अण्णा अहमदपूर-लोहामार्गे एसटीनं नांदेडला हजर. चहा नको म्हणाला. त्याच्या दोन जेवणांच्या मध्ये साखरेचा चहा बसत नाही. मग जे बोलणं झालं ते असं.

अण्णा : पोराच्या डोक्यात हे खूळ तूच घातलंस ना?

मी : त्यानं विचारलं, मी सांगितलं. त्याची शुगर किती आहे, माहीत आहे का तुला?

अण्णा : माहीत आहे की. म्हणूनच त्याला म्हणायलो, जेवण सुधार, चालायला लाग. ते सोडून हा पोट कापायला निघाला! आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी. ताबा नाही जिभेवर आणि सुरी चालवायची धडधाकट जठरावर.

मी : जठर नुसती पिशवी असती तर तुझं खरं होतं. तू शिकवत होतास तेव्हा पुस्तकात नसेल, पण १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी घ्रेलिन नावाचं संप्रेरक शोधलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि मेंदूला सांगतं, भूक लागली. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनात नेमका तोच भाग काढून टाकतात. तीन चतुर्थांशाहून जास्त जठर जातं, एक अरुंद नळी राहते. माझं झालं ते बायपास. त्यात काढून काहीच टाकलं नाही. वरच्या टोकाला तीसेक मिलिलीटर मावेल एवढी छोटी पिशवी वेगळी केली आणि लहान आतडं खालून वर आणून तिला जोडलं. खाल्लेलं अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून पुढं जातं. ते असं लवकर खाली पोचलं की आतड्यातून जीएलपी-१ सारखी संप्रेरकं जास्त सुटतात. भूक मंदावते, इन्सुलिन नीट काम करायला लागतं. हैदराबादहून निघतानाच माझी इन्सुलिनची सुई बंद झाली होती. वजन तेव्हा कुठं उतरलं होतं?

अण्णा : संप्रेरकं मीही शिकवलीत. इन्सुलिनसाठीच म्हणायलो, दोनदाच जेव. आपण खातो तेव्हा तेव्हा इन्सुलिन सुटतं, म्हणून खाण्याच्या वेळाच कमी करायच्या. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी ते मांडलं, डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोचवलं. दीक्षित आपल्या लातूरच्याच सरकारी मेडिकल कॉलेजात प्राध्यापक होते. दोन वेळा जेवायचं, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत आटपायचं, रोज पाऊण तासात साडेचार किलोमीटर चालायचं. पैसा लागत नाही, भूल लागत नाही. सरकारनं त्यांना लठ्ठपणाविरोधी मोहिमेचे दूत नेमलं ते काय उगाच?

मी : उगाच नाही. त्यांच्यामुळं कितीतरी घरांत चहासोबतची बिस्किटं बंद झाली, पोट मोजायची टेप आली. मीही केलं की ते. त्याआधी दर दोन तासांनी थोडं थोडं खायचंही केलं. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं ऐकून तूप सुरू केलं, दीक्षितांचं ऐकून नाश्ता बंद केला. दरवेळी वजन उतरलं. दरवेळी परत आलं, आणि येताना सोबत दोन किलो जास्तच घेऊन आलं.

अण्णा : कारण तू सोडून दिलंस.

मी : तुला वाटतं मी सोडलं. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या स्पर्धेचा टीव्हीवर एक कार्यक्रम व्हायचा. त्यातल्या चौदा स्पर्धकांना सहा वर्षांनी तपासलं, तो अभ्यास २०१६ साली छापून आला. सरासरी ५८ किलो उतरवलेले लोक, त्यातले ४१ किलो परत. मुद्दा पुढं आहे. नुसतं पडून राहिल्यावर शरीर जेवढं जाळतं ना, ते त्यांच्या वजनाच्या हिशेबानं जेवढं असायला हवं त्यापेक्षा रोज पाचेकशे कॅलरींनी कमी झालं होतं. सहा वर्षं! म्हणजे त्याच वजनाचा माणूस जे खाऊन टिकेल, ते यांनी खाल्लं तर हे जाड होणार. ह्यात जिभेचा ताबा कुठं आला?

अण्णा : सबबीला शास्त्राचं लेबल लावलं की झालं. ताई, आपण दोघं एकाच ताटात जेवलो. माझं वजन अठ्ठावन्न किलो आहे. तुझंच शरीर काहून असं वागलं?

हा प्रश्न त्यानं मला पूर्वीही विचारला होता आणि तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता निदान अर्धं आहे.

मी : एका ताटात जेवलो, पण एका सालात जन्मलो नाही. बहात्तरच्या दुष्काळात तू चौथीत होतास. मी आईच्या पोटात होते. आई पाझर तलावाच्या कामावर माती वाहायची. घरात ज्वारी नाही, अमेरिकेचा लाल मिलो अन् कामावर मिळणारी सुकडी. मी त्र्याहत्तरला जन्मले ती मूठभर. आता पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक काय म्हणतात ते ऐक. त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या लेकरांचा माग ठेवला. आपली बाळं वजनानं कमी असतात, पण त्यांच्या अंगात चरबी त्या मानानं जास्त असते. पोटात असताना उपाशी राहिलेलं शरीर पुढं मधुमेहाकडं झुकतं.

अण्णा : म्हणजे दुष्काळामुळं तू जाड झालीस?

मी : त्याच्यामुळंच झाले असं नाही म्हणत. बँकेतली खुर्ची आहे, दोन बाळंतपणं आहेत, नांदेडची तहरी अन् शेवचिवडा आहे. पण आपली आजी आठव. घरात धान्य आलं की आधी पेव भरायची, मग चूल पेटवायची. सुगी असो की नसो. माझं शरीर तसं आहे. त्यानं दुष्काळ पाहिलाय, त्याला सुगीचा भरवसा नाही. मी दोन जेवणांवर आले की त्याला वाटतं, पुन्हा बहात्तर आलं.

अण्णा : बोलण्यात तू मास्तरापेक्षा पुढं गेलीस.

मी : बोलणं सोड, आकडा घे. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेटमध्ये छापून आला. दोघं शेजारी उभे, दोघांचा बीएमआय तोच, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. म्हणजे वजनकाटा आपल्या माणसाला अर्धंच सांगतो. तू अठ्ठावन्न किलोचा आहेस म्हणून निवांत राहू नकोस. कंबर मोजून घे.

अण्णानं शर्ट जरा खाली ओढला आणि पवित्रा बदलला.

अण्णा : बरं, शरीर तसं असंल. पण लातूरनं महाराष्ट्राला काय शिकवलं? कष्टाला पर्याय नाही. पोरं पहाटे चारला उठून अभ्यास करतात तेव्हा नंबर लागतो. त्यांना कुणी म्हणालं, भूल घे, उठशील तेव्हा पास झालेला असशील, तर? तुझं ऑपरेशन मला तसंच वाटतं. शॉर्टकट.

मी : ऑपरेशनच्या आधी कितीतरी दिवस मला पातळावर ठेवलं होतं. का, तर यकृतातली चरबी कमी होऊन ते आक्रसावं आणि सर्जनला त्याच्याखाली काम करता यावं. ऑपरेशन दुर्बिणीचं, पोटावर चार-पाच भोकं. शुद्धीवर आले तर पोट नाही, खांदा दुखायलेला. पोटात भरलेल्या गॅसमुळं खांदा दुखतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं हातच मोडला. त्याच संध्याकाळी नर्सनं उठवून चालायला लावलं. पायांत घट्ट मोजे, पोटात रक्त पातळ करायची सुई, हातात तीन रंगीत गोळ्यांचं यंत्र. श्वास ओढायचा आणि गोळ्या वर उचलायच्या. दोन उचलल्या जायच्या, तिसरी जागची हलायची नाही. मग औषधाच्या बाटलीचं टोपण असतं ना, तसल्या कपात पाणी दिलं. तेवढं पाणी घड्याळ बघत, घोट घोट, पंधरा मिनिटांत संपवायचं. गटकन प्यायले की छातीत दगड.

अण्णा : ते दुखणं झालं. दुखणं म्हणजे कष्ट नव्हे.

मी : मग पुढचं ऐक, ते कष्टच आहेत. आधी ताक, वरणाचं पाणी, ज्वारीची आंबील. मग खिमट. भाकरी कितीतरी उशिरा, तीही वरणात कुस्करून, लगदा होईस्तोवर चावून. कोरडी भाकरी अन् शेंगदाण्याची चटणी खाल्ली की घास मध्येच अडकतो. डोळ्यांतून पाणी येतं, पण घास हलत नाही. जेवताना पाणी नाही, जेवण झाल्यावर अर्धा तास पाणी नाही. आधी प्रथिनं, मग भाजी, मग जागा उरली तर भात. दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं आपल्या वरण-भाकरीत बसवून दाखव बरं.

अण्णा : म्हणून अंडी खायला लागलीस. आईच्या देवघराशेजारी.

मी : देवघराशेजारी नाही, गॅलरीत. वेगळं भांडं, वेगळी शेगडी. आणि आईनंच सांगितलं होतं, औषध म्हणून खा.

अण्णा : एकादशी?

मी : सुरुवातीला डॉक्टरांनी मनाई केली होती. आता करते, पण साबुदाणा नाही; दूध, शेंगदाणे, राजगिरा. रोज जीवनसत्त्वाची गोळी, कॅल्शियम, डी, आणि बी-१२ची सुई. लोह तर एकदा इतकं उतरलं की सलाइनमधून चढवावं लागलं. वरचेवर रक्त तपासायचं, मरेपर्यंत. सुरुवातीला केस इतके गळाले की वेणीचा शेपटा राहिला. तो पुन्हा वाढतो, पण तेव्हा ते आरशाला पटत नाही. तुला यात शॉर्टकट कुठं दिसतोय? ऑपरेशननं माझी भूक कमी केली. बाकी शिस्त तुझीच आहे, फक्त आता ती पाळली तर फळ मिळतं.

अण्णा : म्हणजे शेवटी शिस्तच. मग मी काय वेगळं म्हणायलो?

मी : तू म्हणायलास, शिस्त नव्हती म्हणून ऑपरेशन करावं लागलं. मी म्हणायले, शिस्त होती, पण ती टिकू देणारी भूक नव्हती.

इथं अण्णा जरा थांबला. मग त्यानं वेगळ्या बाजूनं सुरुवात केली.

अण्णा : आणि जगण्यातली मजा? पुतणीच्या लग्नातलं मला आठवतंय. औशाजवळच्या उजनीची बासुंदी होती. तू वाटी घेतलीस आणि थोड्या वेळानं कार्यालयाच्या मागच्या खोलीत आडवी. घामाघूम. सगळ्यांना वाटलं हार्ट अ‍ॅटॅक.

मी : त्याला डंपिंग म्हणतात. गोड पदार्थ जठरात न थांबता थेट आतड्यात उतरतो, आतडं पाणी ओढून घेतं, छाती धडधडते, घाम फुटतो, डोळ्यांपुढं अंधारी येते. तासाभरात उतरतं. त्या दिवशी चार चमचे खाल्ले होते, दोनच खायला हवे होते. पण मजेचं म्हणशील तर दुसरंही सांगते. हुजूर साहिबला लंगरची पंगत बसते. इतकी वर्षं नांदेडात राहून मी तिथं कधी मांडी घालून बसले नव्हते. बसले तर उठवायला दोन माणसं लागतील म्हणून. कोपऱ्यातल्या बाकावर बसून प्रसाद घ्यायचे. आता पंगतीत बसते. अर्धीच पोळी खाते, पण जमिनीवर बसून खाते. रात्री घरातले झोपतात, कारण माझं घोरणं थांबलं. मी झोपते, कारण श्वास अडकत नाही. बासुंदीच्या बदल्यात हे मला महाग नाही पडलं.

अण्णा : तुझं झालं चांगलं. सगळ्यांचं होतं का? ती इजिप्तची बाई आठवते, पाचशे किलोची? २०१७ साली मालवाहू विमानानं मुंबईला आणली होती. पेपरात रोज फोटो. ऑपरेशन झालं, मग अबुधाबीला नेली आणि त्याच साली गेली.

मी : इमान अहमद. ती वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली होती, हृदय आणि मूत्रपिंड थकलेली. तिच्यावरून पोराचं ठरवायचं नसतं. आणि टोकाचीच उदाहरणं द्यायची तर नितीन गडकरींनीही २०११ साली मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं. ते तर अजून देशभर फिरायलेत. अनुभवी ठिकाणी यातला मृत्यूचा धोका हजारामागे एक-दोनच्या आसपास धरतात. पित्ताशय काढायला आपण बिनधास्त जातो, जवळपास तेवढाच.

अण्णा : एक-दोन म्हणजे कुणाचं तरी पोर असतंच. फायद्याचा आकडा सांग. पुढारी अन् नातेवाईक नकोत.

मी : स्वीडनमध्ये १९८७ पासून एक अभ्यास चालला. दोन हजारांवर लोकांनी ऑपरेशन केलं, तितक्याच लठ्ठ लोकांनी नेहमीचे उपचार घेतले. सरासरी अकरा वर्षांनी मोजलं तर ऑपरेशनवाल्यांत १०१ मृत्यू, दुसऱ्या गटात १२९. आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचं वजन इतक्या वर्षांत दोनेक टक्के इकडं-तिकडं, बस. मधुमेहाचं म्हणशील तर अमेरिकेत क्लीव्हलंडला दीडशे रुग्णांवर केलेला प्रयोग आहे. पाच वर्षांनी तीन महिन्यांची सरासरी शुगर सहा किंवा त्याखाली आणू शकलेले लोक : नुसत्या औषधांवर ५ टक्के, स्लीव्हनं २३, बायपासनं २९.

अण्णा : म्हणजे बायपास करूनही शंभरातल्या एकाहत्तरांची नाही आली. हे सांगितलंस का पोराला?

मी : सांगितलं. त्यातल्या बऱ्याच जणांची औषधं कमी झाली, पण मधुमेह कायमचा गेला असं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्याकडं जाऊ नको, हेही सांगितलं. माझं वजन ७६ पर्यंत उतरलं होतं, आता ८०वर आहे. शुगरची एक गोळी पुन्हा सुरू झालीय. हेही त्याला माहीत आहे.

अण्णा : बघ, आलंच की परत!

मी : ११२ वरून ८०. याला तू परत येणं म्हणतोस?

त्यानंतर अण्णानं जे मांडलं, त्याला माझ्याकडे आजही पुरतं उत्तर नाही. म्हणून ते त्याच्याच शब्दांत देते.

अण्णा : ऐक. तू एकटीचं बोलायलीस, मी गावाचं बोलायलो. देशात दहा कोटींवर लोकांना मधुमेह आहे. सरकारच्याच आरोग्य पाहणीत चौघींत एक बाई वजनानं जास्त निघाली. आता म्हणे २०२२ साली तुमच्या सर्जनांच्या संघटनांनी मापच खाली आणलं. पूर्वी बीएमआय ४० लागायचा, आजार असला तर ३५. आता आशियाई माणसाचा २७.५ झाला तरी विचार करा म्हणतात. उद्या निम्मं लातूर टेबलावर घ्याल! कोण करणार, किती लाखांत करणार, नंतर कोण बघणार? माझ्या शाळेतली पोरं बघ. क्लासच्या नादात दहा-बारा तास बसून, मधल्या सुटीत वडापाव अन् कोल्ड्रिंक. मैदानावर पार्किंग. त्यांच्यासाठी तुझं ऑपरेशन काय कामाचं? त्यांना आज चालायला लावलं तर उद्या हैदराबाद लागणार नाही. दीक्षित सर्जन नव्हेत, समाजाच्या आरोग्याचे डॉक्टर आहेत. ते लाखाचा विचार करतात. तू एकाचा करतेस.

मी : हे मान्य. ऑपरेशननं गाव बारीक होत नाही. ज्यांना अजून काही झालेलं नाही, त्यांच्यासाठी तुझाच रस्ता. पण अण्णा, ज्या पोराला अजून काही झालं नाही, त्याला द्यायचं उत्तर तू झालेल्याच्या तोंडावर फेकतोस. ‘चालला असतास तर ही वेळ आली नसती.’ आली ना आता? पुढं काय? क्षयरोग्याला कुणी म्हणत नाही की हवेशीर घरात राहिला असतास तर गोळ्या लागल्या नसत्या. गोळ्याही देतात, खिडकीही उघडतात.

अण्णा : आणि नंतर कोण बघणार, त्याचं काय?

मी : तो खरा घोर आहे. मागं गुडघा दुखायला लागला म्हणून घराजवळच्या एका दवाखान्यात गेले. सांगितलं, बायपास झालंय. ते म्हणाले, हृदयाचं ना? आणि दुखणं थांबवायच्या नेहमीच्या गोळ्या लिहून दिल्या. माझ्यासारखीला त्या गोळ्यांनी जोडलेल्या जागी अल्सर होऊ शकतो. मला माहीत होतं म्हणून वाचले. पोरगा ऑपरेशन पुण्याला करो की हैदराबादला, लातुरात त्याची फाइल समजून घेणारा डॉक्टर आधी ठरवायचा, मगच तारीख घ्यायची.

अण्णा : आता इंजेक्शनं निघालीत म्हणे. आठवड्यातून एक. मग कापाकापी कशाला?

मी : तीही त्याच जीएलपी-१च्या वाटेनं जातात. २०२५च्या मार्चमध्ये मौंजारो भारतात आलं, जूनमध्ये वेगोवी. पोराच्या डॉक्टरांनी त्याला तोही पर्याय सांगितलाय. वजन चांगलं उतरतं, पण सुई बंद केली की बहुतेकांचं पुन्हा चढतं. म्हणजे शॉर्टकट तिथंही नाही. मला एवढंच म्हणायचंय, त्याला तिन्ही दारं दाखव. तू एकच उघडं ठेवून बाकीच्यांवर ‘आळशी’ असं लिहून ठेवलंयस.

अण्णा : पैसे?

मी : त्याची पॉलिसी जुनी आहे. विमा नियामकानं ठरवून दिलेल्या नियमात बीएमआय ४० किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह आणि ३५, शिवाय आधी दुसरे उपाय करून पाहिलेले असणं, अशा अटी आहेत. याचा ३७ आहे. कागद नीट ठेवायला सांग. तुझ्या चालण्याचासुद्धा हिशेब लिहून ठेव म्हणावं, तिथं उपयोगी पडेल.

अण्णा हसला. लातूरहून निघाल्यापासून पहिल्यांदा.

अण्णा : म्हणजे माझं चालणं तुझ्या ऑपरेशनचं कागदपत्र!

मी : आणि ऑपरेशन झालं तरी ते सुटत नाही. मी रोज संध्याकाळी गोदावरीच्या घाटापर्यंत जाते ते काय दर्शनाला?

यानंतर आम्ही दोघांनी मिळून पोरासाठी काही गोष्टी कागदावर उतरवल्या. झोपेची तपासणी आणि पोटाची दुर्बीण आधी. सर्जनला विचारायचं, वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, नंतर अडचण आली तर फोन कोण उचलतं, आहारतज्ज्ञ किती दिवस सोबत असतात. दारू पूर्ण बंद, कारण बायपासनंतर ती झपाट्यानं चढते आणि व्यसन लागायचा धोका वाढतो. गोळ्या आणि रक्ततपासणी आयुष्यभर. ते जमणार नसेल तर टेबलावर जायचंच नाही. शेवटची ओळ अण्णानं स्वतः लिहिली : सहा महिने रोज पहाटे बापासोबत चालणे.

मी : चालवत ने. मला आनंदच आहे. पण सहा महिन्यांनी वजन उतरलं नाही तर?

अण्णा : तर बघू तुझ्या डॉक्टरांचं.

मी : तेवढ्यानं भागत नाही. नाही उतरलं तर त्याला नालायक म्हणायचं नाही. ऑपरेशन केलं तरी नाही, न करता तसाच राहिला तरी नाही. हे कबूल कर आणि खाली सही कर.

अण्णा : हे जरा अवघड आहे बघ.

मी : असूदे. त्याच्या वाट्याला जे आलंय, ते तरी कुठं सोपं आहे?

अण्णानं सही केली नाही. कागद मात्र चार घड्या घालून वरच्या खिशात ठेवला आणि विचारलं, लातूरची शेवटची एसटी कितीला आहे.